आठ नंबरचं दार कोण उघडतं? (मोठे आकडे बायनरीत नेताना आकडा बिघडतो, मदत हवी)

तारवटी · सोमवार, रात्री ११.२०

मंडळी, तीन आठवडे डोकं खाजवतोय. चतुर्थीच्या आधी सुटलं नाही तर माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधायला घरी जाता यायचं नाही, म्हणून इथे टाकतो.

मांडवीच्या काठावरच्या एका मासळीच्या शीतगृहासाठी मी छोटी सिस्टीम बसवली आहे. दारं आणि झडपा मिळून ६०. प्रत्येकावर एक रीड स्विच (चुंबकाने चालणारा). उघडं असेल तर १, बंद असेल तर ०. या साठ बिटांचा मिळून एकच आकडा होतो. तो दर दहा सेकंदांनी ब्राउझरकडे जातो, ब्राउझरात मी त्याचं बायनरी करतो आणि नकाशावर उघडी दारं लाल दाखवतो. दार १ म्हणजे सगळ्यात उजवीकडचं बिट, दार ६० सगळ्यात डावीकडचं.

जुलैत टेस्टिंग केलं, एकही चूक नाही. मासेमारी बंदी उठली, १ ऑगस्टपासून ट्रॉलर जायला लागले आणि रोज पहाटे गोंधळ सुरू. ८ नंबरचं दार उघडं दिसतं. राखणदार काका टॉर्च घेऊन जातात, तर दाराला कडी. आणि ऑफिसजवळची १ ते ७ ही लहान दारं कधी उघडी असूनही बंद दिसतात. ८ चा रीड स्विच दोनदा बदलला, वायर बदलली. मालक म्हणतो पाणी गेलं असेल. इलेक्ट्रिशियन म्हणतो सॉफ्टवेअर. मी म्हणतो इलेक्ट्रिशियन.

बायनरीचा कोड साधाच आहे: दोनाने भाग, बाकी लिहून ठेव, शून्य होईपर्यंत चालव. (इथला एडिटर कोडाचे कंस गिळतो, म्हणून शब्दांत लिहितोय.) यात चुकण्यासारखं काय आहे?

घुमट · सोमवार, रात्री ११.३४

पात्रांव, राखणदाराला विचारलंस, पण खऱ्या राखणदाराला विचारलंस का? जागेच्या देवचाराला, म्हणजे तिथल्या राखणदार भुताला, रोट दिल्याशिवाय शीतगृह चालू केलं असणार. आठ नंबरवर त्याची ये-जा आहे.

शेवंती · मंगळवार, सकाळी ८.०५

घुमटबाब, झोपा आता.

तारवटी, भागाकाराचा कोड बरोबरच असणार. दोन गोष्टी सांग. पहाटे गोंधळ होतो तेव्हा दार ६० उघडं असतं का? आणि मध्ये जेसन (ब्राउझरकडे डेटा पाठवायची लिखित मांडणी) आहे का?

तारवटी · मंगळवार, सकाळी ८.४०

ताई, तुम्हाला कसं कळलं? ५४ ते ६० ही धक्क्याच्या बाजूची दारं. बंदीत ती दोन महिने कुलूपबंदच होती. आता पहाटे मासळी उतरते तेव्हा ६० उघडतात. काकांची वही आत्ता पाहिली, ते प्रत्येक खेपेला पेन्सिलीने लिहून ठेवतात. "८ खोटे" असं जिथे जिथे लिहिलंय, तिथे वरच्या ओळीत "६० उघडले" आहेच.

आणि हो, जेसनच आहे.

शेवंती · मंगळवार, सकाळी ९.१५

मग कोड सोड. तुझ्या भागाकारापर्यंत पोचायच्या आधीच आकडा बदललेला आहे.

जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझर चालवतो त्या भाषेत, साधी संख्या म्हणजे ६४ बिटांचा डबल (अपूर्णांकही धरणारा प्रकार), आणि त्यात नेमके अंक धरायला जागा ५३ बिटांचीच. उरलेली बिटं घातांकाची आणि चिन्हाची. ९००७१९९२५४७४०९९२ (दोनाचा ५३ वा घात) इथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट बसतो. त्याच्या पुढचा, शेवटी ३ असलेला, बसतच नाही. तो लिहिलास तरी ९९२ च मिळतो. तिथून पुढे फक्त सम संख्या, आणखी पुढे फक्त चारच्या पटी, मग आठच्या.

दार ६० उघडलं की तुझा आकडा किमान ५७६४६०७५२३०३४२३४८८. या उंचीवर डबलला फक्त १२८ च्या पटी दिसतात. मधलं काही आलं की जवळच्या पटीला चिकटवून टाकतो. १२८ च्या खाली काय काय येतं? १, २, ४, ८, १६, ३२, ६४. मोज, सात. तुझी १ ते ७ दारं.

आता भूत. समज ६०, ७ आणि १ उघडी आहेत. खरा आकडा ५७६४६०७५२३०३४२३५५३, म्हणजे पटीच्या वर ६५. निम्म्याहून जास्त, म्हणून डबल वरच्या पटीला जातो: ५७६४६०७५२३०३४२३६१६. वाढलेले १२८ म्हणजे कुठलं बिट? आठवं. १ आणि ७ गायब, ८ उघडं.

आणि ८ खरोखरच उघडं असताना ७ नि १ उघडले तर हातचा पुढे जातो. मग ८ बंद दिसेल आणि ९ उघडं. वहीत बघ, एखाद दिवशी "९ खोटे" पण असेल.

हिशेब सोपा आहे: उघड्या दारांतला सगळ्यात मोठा नंबर घे, त्यातून ५३ वजा कर, खालची तेवढी दारं बुडाली. ५४ उघडलं तर फक्त १ नंबर बुडतो. जुलैत ५३ च्या वरचं एकही दार उघडलं नव्हतं, म्हणून तुझं टेस्टिंग स्वच्छ.

तारवटी · मंगळवार, सकाळी ९.३२

"९ खोटे" दोनदा आहे. ६ आणि ११ तारखेला.

अंगावर काटा आला ताई.

घुमट · मंगळवार, सकाळी ९.५०

देवचार हातचा घेतो हे माहीत नव्हतं. दंडवत.

काजूबी · मंगळवार, दुपारी १.१०

एवढं कशाला? भागाकार काढून टाका. एक हा आकडा हव्या तितक्या जागा डावीकडे शिफ्ट करा आणि मूळ आकड्याशी अँड करून (बिटाला बिट ताडून) बघा, बिट मिळतं. कॉलेजात सीमध्ये हेच करायचो. वेगवान पण आहे.

तारवटी · मंगळवार, दुपारी ३.४५

काजूबी, करून बघितलं. आता दार १ उघडलं की ३३ पण उघडतं. २ बरोबर ३४. आणि ६० समोर सताड उघडं असताना स्क्रीनवर बंद. परतफेड म्हणून मला काजूची फेणी पाठवा.

शेवंती · मंगळवार, दुपारी ४.२०

जावास्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि अँड लावलं की संख्या आधी ३२ बिटांत कापली जाते. आणि शिफ्टच्या जागासुद्धा ३२ च्या आतच मोजतात, ३२ जागा सरकव म्हटलं की शून्य जागा सरकतं. म्हणून ३३ हा १ चा आरसा, ६० हा २८ चा. शिवाय ३२ व्या दाराचं उत्तर उणे येतं, "शून्यापेक्षा मोठं आहे का" असं तपासत असशील तर ते दार कधीच उघडणार नाही. सीमध्ये काजूबींचं चालायचं, कारण तिथे ६४ बिटांचा पूर्णांक खराखुरा ६४ बिटांचा असतो. (तिथेही नुसता १ शिफ्ट केला तर तो बहुतेक ठिकाणी ३२ बिटांचाच, तो आधी लांब करून घ्यावा लागतो.)

तुला हवंय ते बिगइंट, म्हणजे मोठ्या पूर्णांकांसाठीचा प्रकार. २०२० च्या मानकात आलं, आता सगळ्या ब्राउझरांत आहे. त्याला लांबीची मर्यादा अशी नाही. टूस्ट्रिंग २ म्हटलं की सरळ बायनरी. डावीकडची शून्यं तो लिहीत नाही, ती पॅडस्टार्टने ६० पर्यंत भर, नाहीतर नकाशा सरकेल.

तारवटी · मंगळवार, रात्री १०.०५

बिगइंट लावलं. फरक शून्य! आठ नंबर अजून उघडतोय. पहाटेपर्यंत थांबलो नाही, धक्क्यावरच्या पोराला शंभर रुपये देऊन ६०, ७ आणि १ उघडून बघितलं.

शेवंती · मंगळवार, रात्री १०.३०

कुठे लावलंस? जेसन उलगडल्यावर ना?

तेव्हा वेळ निघून गेलेली असते. जेसन उलगडताना ब्राउझरने त्याचा डबल केला, मग तू त्या डबलचं बिगइंट केलंस. चुकीच्या आकड्याचं अगदी अचूक बायनरी मिळालं. प्रोग्राममध्ये आकडा अवतरणचिन्हांशिवाय थेट लिहून बिगइंटला दिलास तरी हेच होतं. आकडा मजकूर म्हणून यायला हवा, अवतरणचिन्हांत, आणि त्या मजकुराचं थेट बिगइंट.

हे दुखणं जुनं आहे. ट्विटरचे आयडी ५३ बिटांच्या पलीकडे जाणार म्हणून त्यांनी २०१० मध्येच प्रत्येक आयडी दोनदा द्यायला सुरुवात केली, एकदा संख्या म्हणून आणि एकदा मजकूर म्हणून. जेसनचं मानक संख्येच्या लांबीवर बंधन घालत नाही, पण समोरचा वाचणारा डबलमध्ये वाचेल हे धरून चाला असंच सुचवतं.

अबोली_पुणे · बुधवार, सकाळी ९.००

+१ शेवंती. पण पलीकडे आकडा तयार कोण करतं? पायथन असेल तर तिथे पूर्णांक कितीही मोठा चालतो, बायनरीसाठी बिन हे फंक्शन लावलं की झालं. फक्त एक करू नकोस: साध्या तिरप्या रेघेने दोनाने भागून मग त्याचा पूर्णांक. ती रेघ डबल देते, आणि सगळं रामायण पुन्हा. दोन तिरप्या रेघा वापर. लॉगरिदम काढून किती बिटं आहेत ते मोजणारेही पाहिलेत मी. दोनाचा ५९ वा घात वजा एक, त्याला बिटं ५९, लॉगने मोजलीस तर ६० येतात. बिट-लेंग्थ नावाचं तयार आहे की.

अवांतर: पायथन ३.११ पासून ४३०० अंकांपेक्षा लांब दशमान मजकुराचं थेट रूपांतर बंद केलंय, मुद्दाम लांबलचक आकडे पाठवून सर्व्हर लटकवता यायचा म्हणून. बायनरीला ती अट नाही, कारण पाया दोनाचा घात असेल तर रूपांतर स्वस्तात होतं. तुझ्या १८ अंकांना याचा काही संबंध नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

वाळपईचे_मास्तर · बुधवार, सकाळी ११.४०

मी निवृत्त गणित शिक्षक. तुमचं डबल-बिबल फार कळत नाही, पण बिगइंट नसताना हे कसं करायचं ते मला ठाऊक आहे, कारण चौथीच्या पोरांकडून करवून घेतलंय. आकडा म्हणजे अंकांची रांग धरा. डावीकडून एकेक अंक अर्धा करा, उरला तर पुढच्या अंकाला दहा म्हणून द्या.

तुमच्या आकड्याचे शेवटचे तीन अंक, ५५३, घेऊ. पाचाचे निम्मे २, उरला १. पुढे पंधरा: ७, उरला १. पुढे तेरा: ६, उरला १. उत्तर २७६, बाकी १. ती बाकी हे पहिलं बिट. मग २७६ चे १३८, बाकी ०. मग ६९, बाकी ०. मग ३४, बाकी १. असं शून्यापर्यंत जा आणि बाक्या खालून वर वाचा: १०००१०१००१. कुठल्याही क्षणी तुमच्या हातात एकोणीसपेक्षा मोठी संख्या येत नाही. आकडा अठरा अंकी असो की अठराशे, यंत्राला फक्त एकोणीसपर्यंत मोजता आलं की पुरे.

आता एक गंमत. पिंगलाच्या छंदःशास्त्रात हाच भागाकार आहे, "नष्ट" या नावाने. प्रस्तारातली (लघु-गुरूंच्या सगळ्या शक्य मांडण्यांच्या यादीतली) ओळ हरवली, फक्त तिचा क्रमांक माहीत आहे, तर लघु-गुरू कसे शोधायचे? क्रमांक सम असेल तर निम्मा करा आणि लघु लिहा. विषम असेल तर एक मिळवून निम्मा करा आणि गुरू लिहा. तीन अक्षरांच्या प्रस्तारातली सहावी ओळ घ्या. सहा सम, लघु, राहिले तीन. तीन विषम, एक मिळवून चार, निम्मे दोन, गुरू. दोन सम, लघु. लघु-गुरू-लघु, म्हणजे ज गण. यमाताराजभानसलगा म्हणून खात्री करून घ्या. पिंगल एकापासून मोजतो आणि तुम्ही शून्यापासून, म्हणून त्याला विषम आलं की एक मिळवावा लागतो. बाकी यंत्र तेच.

घुमट · बुधवार, सकाळी ११.५८

सर, शाळेत हे सांगितलं असतं तर वृत्तांत नापास झालो नसतो. वाचनखूण साठवली.

फार्मागुडी_९६ · बुधवार, रात्री ९.१५

उशिरा आलो. सगळे बरोबर बोलतायत, पण मूळ प्रश्न कोणी विचारला नाही. तारवटी, कंट्रोलरकडून तुला डेटा कसा येतो?

तारवटी · बुधवार, रात्री ९.४०

मॉडबसवर (कंट्रोलरशी बोलायची पद्धत) सर. चार रजिस्टरं. पायथनचा छोटा प्रोग्राम ती चार जोडून एक आकडा करतो आणि जेसनमध्ये पुढे देतो.

फार्मागुडी_९६ · बुधवार, रात्री १०.२०

म्हणजे तुझ्याकडे १६ बिटांचे चार सुटे, निर्मळ आकडे आले होते. एकही ६५५३५ च्या वर जात नाही. ते तू पायथनात शिवून एक लांब चादर केलीस आणि ब्राउझरात पोचल्यावर पुन्हा फाडत बसलास. शिवायला सांगितलं कोणी? हा आकडा तू कधी बेरजेत घेणार आहेस का? साठ दारांची बेरीज-वजाबाकी होत नाही. ती संख्या नाहीच, साठ खुणांची पट्टी आहे.

चार आकडे चार म्हणूनच पाठव. प्रत्येकाचं बायनरी १६ जागांचं करून एकाला एक जोड. बिगइंट पण नको, मास्तरांचा भागाकार पण नको. फक्त रजिस्टरांचा क्रम नीट बघ, काही कंट्रोलर वरचं रजिस्टर आधी देतात, काही खालचं. एकच दार उघडून तपासायचं, अंदाजावर जायचं नाही.

आम्ही फार्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो, ४ जून १९९६ ला एरियान ५ चं पहिलं उड्डाण झालं आणि चाळीसेक सेकंदांत रॉकेट फुटलं. ६४ बिटांच्या डबलमधला आडव्या वेगाशी निगडित आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबला, तो मावला नाही. कोड एरियान ४ चा होता, तिथे तो आकडा तेवढा मोठा होतच नव्हता. तुझा जुलै म्हणजे तुझं एरियान ४.

टेस्टसाठी: सगळी बंद. मग एकेक दार एकटं उघडं, साठच्या साठ. मग ६० च्या जोडीला खालचं एकेक. आणि सगळी एकदम उघडी. आत्ताच्या कोडवर ही शेवटची टेस्ट करून बघ, करमणूक होईल.

तारवटी · गुरुवार, दुपारी १२.३०

केली (दारं न उघडता, आकडा हाताने घालून). साठही उघडी म्हणजे ११५२९२१५०४६०६८४६९७५. डबलने त्याला एक वाढवून दोनाचा साठावा घात केला. बायनरी: एकावर साठ शून्यं. म्हणजे सगळं शीतगृह उघडं, बर्फ वितळतोय, आणि माझ्या हिशेबाने साठही दारं बंद.

घुमट · गुरुवार, दुपारी १२.३४

आणि एकसष्टावं उघडं. तिथूनच येतो तो.

अबोली_पुणे · गुरुवार, दुपारी १.१५

😄 फार्मागुडी सरांशी सहमत, माझं लांबलचक उत्तर मागे घेते.

तारवटी · शनिवार, सकाळी ७.१०

आत्ता धक्क्यावरूनच लिहितोय. चार आकडे वेगळे पाठवतोय. क्रम उलटा निघाला, पहिल्यांदा १ उघडलं तर ४९ लाल झालं, फिरवून घेतला. पहाटे साडेचारला ६० उघडं, मी स्वतः ७ आणि १ उघडली. स्क्रीनवर १, ७, ६०. आठ बंद. काका तरी जाऊन कडी हलवून आलेच.

एक शंका उरली. मॅनेजरला महिन्याचा लॉग एक्सेलमध्ये हवाय, प्रत्येक ओळीत बायनरी. तिथे काय होईल?

शेवंती · शनिवार, सकाळी ८.२५

एक्सेल १५ अंक धरतो, पुढचे शून्य करतो. जुना १८ अंकी आकडा दिलास तर शेवटचे तीन अंक गेले. त्याचं दशमान-ते-बायनरी सूत्र तर ५११ च्या वर जातच नाही. आणि साठ शून्य-एकांची रांग सीएसव्हीत दिलीस तर तिलाच संख्या समजून ई अधिक ५९ असं काहीतरी दाखवेल. रांगेच्या आधी एखादं अक्षर लाव, द किंवा काहीही, म्हणजे तो तिला मजकूर मानेल. त्यापेक्षा उघड्या दारांचे नंबरच लिही ना, "१, ७, ६०". मॅनेजर बायनरी वाचणार आहे का?

तारवटी · शनिवार, सकाळी ९.००

नाही वाचणार. नंबरच देतो. देव बरें करूं सगळ्यांचें, मास्तरांना साष्टांग.

मालकाला सगळं समजावून सांगितलं, पाणी गेलं नव्हतं, स्विच चांगले होते, आकडाच वरच्या पटीला जात होता. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, मग ते आठ नंबरचे दोन स्विच बदलले, त्यांचे पैसे कोणाच्या बिलात घालू?